भट्टीवाल्यांचं कलम

"हात लावू नकोस त्या ताटाला!"

धाकट्याचा हात घासाशीच थबकला. ताईनं त्याच्या पुढ्यातलं ताट खसकन ओढून घेतलं... आई गेल्यावर ज्याच्यासाठी स्वतःची शाळा सोडून ती काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायला उभी राहिली, ज्याचं शिक्षण संपेपर्यंत तिनं स्वतःचं लग्न लांबवलं, तोच हा भाऊ! आज कामगार युनियनचा अध्यक्ष. आणि आतल्या खोलीत तिचा नवरा खोकत होता. उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर काढलेला तो धिप्पाड माणूस आता उशीला टेकून एकेक श्वास मागून आणल्यासारखा घेत होता.

"गेटवर सगळे बोलतायत," ती म्हणाली. "करारातून भट्टीवाल्यांच्या औषधोपचाराचं कलम तू सोडून दिलंस म्हणे. खरं की खोटं?"

"खरं आहे, ताई."

"यांच्या पायांना हात लावून शब्द दिला होतास!"

"दिला होता."

"मग का? एवढंच सांग मला!"

"ते नाही सांगता येणार."

तो मान खाली घालून उठला, चपला घालून निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना ताईच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं करपलं. मी वाढवलं ना याला? मग पाडीनही मीच!

आग लावायला तिला फार फुंकर घालावी लागली नाही. बंद दाराआडच्या वाटाघाटींनी सगळेच विटले होते. अध्यक्षाला काही विचारावं, तर एकच उत्तर... चर्चा सुरू आहे. तपासणी विभागातली मावशी बाटली उजेडासमोर धरून म्हणायची, "चर्चा शिजतेय बायांनो! चूल साहेबाची, सरपण आपलं, आणि जेवणार कोण ते विचारू नका!" बायका हसायच्या. ताई मात्र हसत नसे. ती एकेकीच्या शेजारी जाऊन बसे, नवऱ्याचा खोकला सांगे, आणि उठताना हळूच म्हणे, "सख्ख्या बहिणीला विकलं त्यानं. तुम्ही कोण लागून गेलात?"

गेटसभेत अविश्वासाचा ठराव तिनंच मांडला. "हा माझा भाऊ आहे," ती कडाडली, "म्हणून सांगते, याच्यावर विश्वास ठेवू नका!" हातांचं रान उभं राहिलं. धाकट्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता, तर तिला बरं वाटलं असतं...

तो पुन्हा भट्टीवर कामाला लागला. वाटाघाटींच्या समितीत त्याच्या जागी ताई गेली. भट्टीच्या धगीनं तांबडालाल झालेला त्याचा चेहरा दिसला, की तिला थंडावा वाटे. सुडाचा तो कसला थंडावा! एकदा नळावर बायकांनी त्याच्या बायकोची बादली बाजूला सारली, "गद्दाराची बायको" म्हणून तोंडं फिरवली. वहिनीनं आशेनं ताईकडे बघितलं. ताईनं आपली बादली भरली आणि ती चालू लागली.

समितीच्या पहिल्या बैठकीनंतर कारखान्याच्या साहेबांनी तिला एकटीला थांबवून घेतलं.

"हिशोब साधा आहे, बाई. भट्टीवाल्यांचा उपचार हवा असेल, तर तपासणीला मशीन येणार आणि तुमच्या हॉलमधल्या बायका घरी जाणार. दोन्हीतलं एक निवडा."

साहेब पुढे झुकले. "तुमच्या यजमानांचं म्हणाल तर त्यांना मोठ्या इस्पितळात हलवू. फक्त त्यांना. कुणाला कळणारही नाही. तुम्ही शहाण्या दिसता. तुमच्या भावालाही हेच सांगितलं होतं, पण मूर्ख माणूस! भावजींचं नाव काढताच उठून उभा राहिला."

ती कशीबशी घरी आली, नवऱ्याच्या उशाशी बसून सगळं बोलली.

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले..." तिला हुंदका फुटला. "तुमचे श्वास माझ्या हातात होते हो, आणि मी नाही म्हणाले!"

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती भट्टीच्या दाराशी गेली. धाकटा घाम पुसत बाहेर आला.

"का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर बायका म्हणाल्या असत्या, भट्टीवाले मेले तरी चालतील. भट्टीवाले म्हणाले असते, बायकांना घरी बसवा. साहेबाला तेच हवं होतं. वाटलं, पुढच्या करारात आणू कलम... भावजींचा जीव मी पुढच्या करारावर ढकलला, ताई!"

"चुकलासच तू. आम्हाला मेंढरं समजलास. सगळं एकट्यानं ठरवलंस."

"चुकलो. पण माझ्या बायकोनं काय केलं होतं?"

पुढच्या गेटसभेत ती बोलायला उभी राहिली, ती वहिनीचा हात धरूनच. "गद्दार ही नाही, हिचा नवराही नाही. या घराची अब्रू मी चव्हाट्यावर मांडली, माफीही चव्हाट्यावरच मागते!" वहिनीनं हात सोडवून घेतला. ताईनं ते गिळलं, आणि साहेबाचा सौदा सगळ्यांसमोर जसाच्या तसा ठेवला.

मावशी उठली. "माझा नवरा भट्टीवर, मी तपासणीत. मी कुणाला निवडू? साहेबाला म्हणावं, आधी तू तुझा डावा डोळा निवड की उजवा!"

त्या दिवशी तपासणीतल्या एकाही बाईनं बाटलीला हात लावला नाही. पेटती भट्टी थांबवता येत नाही, विझली तर आतली काच थिजून भट्टीच जाते. बाटल्या येत राहिल्या, पट्ट्यावर साचल्या, एकमेकींवर चढल्या, फुटू लागल्या... ताई हाताची घडी घालून तो खळखळाट ऐकत होती. इतके दिवस सूड भलत्याच दाराशी नेऊन ठेवला होता तिनं! आता तो बरोबर दारात फुटत होता, आणि फुटक्या काचांत उभे साहेब फोनवर घसा कोरडा करत होते.

कलम आलं. बायकांच्या नोकऱ्याही राहिल्या. सही ताईनं केली नाही, तिनं धाकट्याला पुढे केलं. त्याची सही झाल्यावर साहेबांनी हात पुढे केला, तेव्हा भावाबहिणीनं दोघांनीही तो बघितला नाही.

भावजींना इस्पितळात धाकट्यानं स्वतः उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं फुफ्फुस परत येणार नाही, राहिलेलं सांभाळू. थोडं आधी आणलं असतं, तर... पुढचं ताईनं ऐकलं नाही. ती बाकावर भिंतीला टेकून बसून राहिली, डोळ्यांतून टिपूसही न काढता.

कितीतरी वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं. वहिनी होती. सभेपासून ती ताईशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही तिचा चेहरा कठोरच होता.

"उठा ताई," ती म्हणाली. "घरी जाऊन जरा पाठ टेका. मी बसते त्यांच्यापाशी."

आणि मग मात्र ताईला रडू आवरलं नाही...