मातेराच्या पायऱ्या

"तिकिटं काढलीत ना? मग जा. नको कोण म्हणतंय," कमलाकरकाका म्हणाले. "फक्त एक तारखेला संध्याकाळी हॉटेलबाहेर पडू नका."

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे जाऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे लंडनजवळच्या स्टॅनमोरला पाचलाच काळोख पडला होता. जेवणं आटोपून काकांचा पुतण्या शार्दूल आणि त्याची बायको अक्षया येत्या शुक्रवारी जायचं त्या जागेचे फोटो फोनवर दाखवत होते. दक्षिण इटलीतलं मातेरा. दरीच्या उतारावर दगडात कोरलेलं जुनं शहर.

"का काका? सगळं क्लोज्ड असतं का?" अक्षयाने विचारलं.

"बंद तर असतंच." काकांनी कप खाली ठेवला. "माझ्याबरोबर उदय काम करायचा, इथल्याच ईलिंगचा. त्याच्या बाबतीत घडलंय. त्याने सांगितलं तसं सांगतो. माझ्या पदरचं त्यात काही नाही."

उदय मूळचा नागपूरचा. बँकेत रिस्क बघायचा आणि घरीही तेच करायचा. सहलीला निघाला तरी एक्सेल शीट तयार. कितीला कुठे पोचायचं, कुठल्या चर्चला किती मिनिटं, सगळं रकान्यात. त्या वर्षी त्याची आई वैजयंतीबाई सहा महिन्यांसाठी आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. तिला युरोप दाखवायचा म्हणून पठ्ठ्याने व्हिसासाठी दोन महिने चकरा मारल्या. ऐन वेळी बायकोची, सुलक्षणाची, हॉस्पिटलमधली ड्यूटी बदलली. मग मायलेकच निघाले. तारीख एक नोव्हेंबर दोन हजार तेवीस. बुधवार.

आणि त्या दिवशी इटलीत सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस, हे त्या शीटमध्ये नव्हतं.

तिथून सगळं बिनसत गेलं. विमानतळावरून पुढची ट्रेन नाही, बस. बसला पाऊण तास उशीर. स्टॉपपासून हॉटेलपर्यंत नुसत्या पायऱ्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आई. दोनला हॉटेलात पोचले तेव्हा उदयच्या शीटमधले चार रकाने वाया गेलेले. खोलीत किटली होती. आईच्या पिशवीत चहापत्ती, साखर, आलंसुद्धा. दूध तेवढं नव्हतं.

"चल, दूध आणू आणि जाता जाता कॅथेड्रल बघू," उदय म्हणाला.

दोघं बाहेर पडली. ऊन छान होतं. पण दुकान बंद. दुसरं दुकान बंद. कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू, पर्यटकांना प्रवेश नाही. गुहेतलं एक चर्च होतं, त्याचं ऑनलाइन तिकीट काढलं होतं, तिथे दारावर कागद चिकटवलेला. वाचता येईना, पण कुलूप दिसत होतं. उदयचं डोकं तापायला लागलं.

त्यात आईचं वेगळंच. तिला चर्च नको, दरी नको, फोटो नको. गल्लीतल्या प्रत्येक अंधाऱ्या दारापाशी ती थांबायची, आत वाकून बघायची.

"इथं कोण राहत होतं रे?"

"मला काय माहीत आई! असेल कुणीतरी. सत्तर वर्षांपूर्वी सरकारने सगळ्यांना उठवून नव्या वस्तीत नेलं. एका खोलीत दहा-दहा माणसं, त्यातच जनावरं. रोगराई होती."

"कुणीतरी कसं? नावं असतील न बाप्पा त्यांना."

"आई, चल ना आता."

"गावाचं नावच मातेरं. मग दुसरं काय होणार?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

साडेचार झाले. ऊन दरीपलीकडे गेलं आणि हॉटेल सापडेना. तुम्ही फोटोत बघताय ना, तिथे घरं एकावर एक आहेत. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्याचा रस्ता. फोनवरच्या नकाशाला ते कुठून कळणार? निळा ठिपका हॉटेलवर बरोब्बर उभा. हॉटेल मात्र वरच्या मजल्यावर की खालच्या, पत्ता नाही. उदय वर चढला, खाली उतरला, पुन्हा त्याच कमानीपाशी आला. तीन वेळा. मागे आई एकेक पायरी भिंतीला धरून.

"इथं कोण..."

"बास!" उदय ओरडला. "दोन महिने खपलो मी यासाठी. तुला काहीतरी दाखवावं म्हणून. आणि तू काय बघतेस? भिंतीतली भोकं! त्यापेक्षा ईलिंगला टीव्हीसमोर बसली असतीस तर परवडलं असतं."

एका लहानशा चौकात दगडी बाक होता, आई त्यावर बसली.

"दमले रे मी," एवढंच म्हणाली.

"बस इथेच. मी रस्ता शोधून येतो. अजिबात हलू नकोस."

"नाही हलत."

तेव्हा पाचला दहा कमी होती. उदयने फोन बघितला म्हणून वेळ नक्की माहीत. बॅटरी अकरा टक्के.

तो निघाला. वीस पायऱ्या वर, मग डावीकडे. रस्ता संपला. परत. उजवीकडे एक बोळ, तो कुणाच्या तरी दारात जाऊन थांबला. दिवे लागले होते, पण अशा ठिकाणी की जिथे जायचं नाही तेवढंच दिसावं. माणूस एकही नाही. एक म्हातारा भेटला, टोपीवाला. उदयने त्याला हॉटेलचं नाव दाखवलं. त्याने खाली बोट केलं. खाली गेला तर भिंत. वर येऊन बघतो तर म्हातारा नाही. उदयला रडायलाच यायचं बाकी होतं. लाखभर रुपयांची सहल, आणि साडेचारपासून चाळीस मिनिटं झाली, चार गल्ल्या सुटत नाहीत.

शेवटी हॉटेल गेलं खड्ड्यात म्हणून तो आईकडे परत फिरला.

पाच वाजून दहा मिनिटं.

बाक रिकामा होता.

"आई?"

चौकात दुसरं काही नव्हतं. चारी बाजूंना बंद दारं. त्याने फोन लावायला घेतला आणि आठवलं, तिच्या फोनवर रोमिंग घेतलंच नव्हतं. तीन दिवसांसाठी कशाला, असं त्यानेच म्हटलं होतं.

"आई! ...आई!"

हाक दरीत गेली. परत आली.

तो गल्लीच्या टोकापर्यंत धावला. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत. पायऱ्या निसरड्या, खाली खोल दरी. काय काय मनात आलं असेल, तुम्हीच समजा. चौकाच्या मधोमध येऊन तो धापा टाकत उभा राहिला.

आणि आई हसली.

स्पष्ट. तिचंच हसणं. जवळून.

त्याने मागे बघितलं. कुणी नाही. वर बघितलं. कुणी नाही.

पुन्हा हसली. बुटांखालून.

उदय गुडघ्यांवर बसला. फरशीला कान लावला. फरशी गार होती... आणि खाली आई बोलत होती. मराठीत. शेजारणीशी बोलावं तशी.

"नाही हो. एकच मुलगा."

मग शांतता. कुणीतरी काहीतरी विचारत असावं इतकी. पण दुसरा आवाज नाही.

"हो, रागीट आहे. मनानं चांगला आहे पण."

शांतता. एखादं जनावर फुरफुरलं.

"जेवते न. तो आला की जेवते."

उदय उठला. चौकाच्या बाजूने खाली पायऱ्या जात होत्या. मघाशी तो तिथूनच दोनदा गेला होता. खाली एक दार. दाराला लोखंडी जाळी. जाळीला साखळी, साखळीला कुलूप. कुलूप गंजून त्याचा नुसता गोळा झालेला. जाळीतून झुडूप वाढलेलं, खोड मनगटाएवढं.

त्याने फोनचा टॉर्च आत मारला.

रिकामी गुहा. ओली भिंत. जमिनीवर धूळ, बोटभर जाड. तिच्यावर पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही.

फोन बंद पडला.

"आई..."

आतून काही नाही.

"आई, चल ना... मी आलो... आई!" जाळी दोन्ही हातांनी धरून तो हलवत होता. "चुकलं माझं. चल ना गं!"

शांतता.

शांतता.

"उदय! ओरडतो कशाला? मी इथं आहे."

आवाज वरून आला.

तो धडपडत वर गेला. आई बाकावर बसली होती. जशी सोडली होती तशी. पदर नीट, हात मांडीवर.

"कुठे गेली होतीस तू?"

"इथंच, खाली. ती बाई बोलवायला आली न. काळा रुमाल बांधलेली. हाताला धरून नेलं. किती उशीर केला रे तू. दोन तास तरी बसले असेन मी."

उदयने तिचा हात धरला. गरम होता. चुलीपाशी बसल्यासारखा.

"कुठली बाई?"

"नाव काय बाप्पा तिचं... सांगितलं तिनं. घर केवढंसं, पण काय नीट ठेवलंय! लेकरं कपाटाच्या खणात निजवली होती. कोपऱ्यात खेचर बांधलेलं. ताट वाढलं तिनं मला. माझे केस विंचरले."

"तू बोललीस कुठल्या भाषेत?"

"भाषा कसली? समजत होतं."

"जेवलीस?"

"तू आल्याशिवाय कशी जेवू? तिला वाईट वाटलं. पुन्हा पुन्हा म्हणत होती, जेव, जेव. मग तू ओरडायला लागला. तिनं वेणीला गाठ मारली आणि म्हणाली, जा."

हॉटेल तिथून चाळीस पायऱ्यांवर होतं. या खेपेला पहिल्याच वळणावर सापडलं.

रिसेप्शनवर एक तरुण मुलगी होती. उदयने तिला मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, खालच्या चौकात, जाळीचं दार आहे तिथे कोण राहतं? ती म्हणाली, कुणी नाही. तिच्या आजीच्या लहानपणापासून कुणी नाही. मग तिची नजर वैजयंतीबाईंच्या पाठीकडे गेली. ती काउंटरमागून बाहेर आली आणि तिने हळूच एवढंच विचारलं,

"यांनी तिथे काही खाल्लं का?"

"नाही."

मुलीने डोळे मिटून श्वास सोडला. मग ती काउंटरमागे परत गेली.

त्या रात्री उदयने शीट उघडली नाही. दुसऱ्या दिवशीचे सगळे रकाने तसेच राहिले. आईच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन तो बसून राहिला. वैजयंतीबाई मात्र गाढ झोपल्या. उठल्यावरही वेणीला कुणाला हात लावू देईनात. राहू दे, म्हणाल्या, बरं वाटतंय.

काका थांबले. शार्दूलने फोन कधीच पालथा घातला होता.

"मग?" अक्षयाने विचारलं.

मग काय. शुक्रवारी ते ईलिंगला परतले. शनिवारी सकाळी सुलक्षणा सासूचे केस विंचरायला बसली. वैजयंतीबाईंचा उजवा खांदा आखडलेला, हात वर जात नसे, त्यामुळे ते काम रोज तिचंच. केस पांढरे, विरळ. त्यांचा लिंबाएवढा अंबाडा घालायची ती.

ही वेणी कमरेपर्यंत होती.

सुलक्षणाने उदयला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. गाठ सुटता सुटेना, शेवटी तिने ती कात्रीने कापली. पेड सोडायला लागली. एक पेड पांढरा. दुसरा पांढरा.

तिसरा काळाभोर.

जाड, तेल लावलेला. सुलक्षणाला वाटलं, गंगावन असेल, वरून गुंफलेलं. तिने तो मुळाशी धरला आणि हलकेच ओढला...

"हळू गं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दुखतंय."