हात ढिला सोडा

"हात ढिला सोडा."

"सोडलाय की!"

"हा ढिला? अहो, गर्दीच्या बसमध्ये दांडी धरावी तसा धरलाय तुम्ही. पाच मिनिटं ही बोटं माझी आहेत असं समजा. मदत करू नका, मी फिरवीन तशी फिरू द्या."

तिने हात ढिला सोडायचा प्रयत्न केला आणि तो आणखीच ताठ झाला. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, छातीइतक्या उंच टेबलापाशी ती उभी होती, आणि एक अनोळखी तरुण तिचा अंगठा चिमटीत धरून शाईच्या काचेवर लोळवत होता... नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सावकाश. खरं तर ती स्वतःच्या दुकानात केस कापायची. दिवसभर लोकांची डोकी तिच्या हातात असायची. पण आपला हात असा कुणाच्या हातात देऊन उभं राहायची सवय तिला नव्हती, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या होत्या.

हे सगळं काकींमुळे. काकी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. दुसऱ्या गावात ज्यांच्या दुकानात ती कात्री धरायला शिकली, त्या मालकीणबाई. आता त्यांचे हात थरथरायचे. इथल्याच वृद्धाश्रमात त्या राहायला आल्या होत्या आणि "माझ्या डोक्याला कात्री लागेल ती माझ्याच पोरीची" असा हट्ट धरून बसल्या होत्या. केस मानेवर रुळायला लागले तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. आश्रमाचा नियम मात्र साधा होता. कात्री-वस्तरा घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ जायचं, तर आपल्या नावावर गुन्हा आहे की नाही ते लेखी आणायचं. इथल्या ठाण्याकडून एक आणि राज्याकडून एक.

"दोन-दोन कशाला?" तिने विचारलं होतं.

ठसेवाल्याला – तिने मनातल्या मनात त्याचं हेच नाव ठेवलं – असं कुणी विचारलं की फार आनंद व्हायचा. "त्याचं काय आहे, आमचं ठाणं फक्त आमची कपाटं उघडून बघतं. ओळखपत्र, फोटो आणि अर्ज द्या, आठवड्यात दाखला घेऊन जा. पण तुम्ही दुसऱ्या गावी काही पराक्रम केले असतील, तर आमच्या कपाटाला त्याचा पत्ताच नाही! राज्याच्या अभिलेख कक्षाकडे सगळ्या गावांच्या गुन्ह्यांची नोंद येते. तिथं नुसत्या नावावर भागत नाही, एका नावाची शंभर माणसं असतात. म्हणून बोटांचे ठसे." त्याने भुवया उडवल्या. "केलेत का काही पराक्रम?"

"मी? मी काय करणार!" ती हसली.

ते हसू तिला पुढे किती दिवस टोचलं, ते तिचं तिलाच माहीत.

कारण पराक्रम केलेला होता. ती विशीत होती तेव्हा. तिच्या थोरल्या बहिणीला वर्षानुवर्षं आशेवर ठेवून दुसरीशी लग्न ठरवलेला एक महाभाग, लग्नाच्या आदल्या दिवशी, नेमका काकींच्या दुकानात, नेमका तिच्याच खुर्चीत येऊन बसला. तिला त्याने ओळखलंसुद्धा नाही. "झकास कापा, उद्या लग्न आहे," म्हणाला. तिने मशीन उचललं आणि कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक सरळ रस्ता काढला. तो किंचाळून उठला, तिच्या दुसऱ्या हातातली कात्री त्याच्या कानाला लागली, रक्त आलं. मग पोलीस, मग कोर्ट, मग दंड.

ऐकणारे पोट धरून हसायचे. ताईसुद्धा हसली होती. हसली नाही ती एकटीच. कारण त्या दिवशी भिंतीकडच्या बाकावर त्याची आई बसली होती. तिने आपल्या रुमालाने लेकाचा कान दाबून धरला आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या हातात डोकं दिलं होतं गं त्यानं." मग काकींच्या दुकानात गिऱ्हाइकं यायची कमी झाली आणि शेवटी दुकान बंद पडलं. काकी त्यावर कधीच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अरे देवा," ठसेवाला कार्ड दिव्याखाली धरून म्हणाला. "तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत!"

"म्हणजे?"

"सगळ्या झिजल्यात. काय करता काय तुम्ही?"

"केस रंगवते. दिवसभर हात रंगात आणि शाम्पूत."

"म्हणजे चोरी करायला अगदी लायक. आम्हाला काही सापडायचंच नाही!" तो खदखदून हसला. तिचा चेहरा बघून ओशाळला. "तसं नव्हतं म्हणायचं मला... हे बघा, रात्री तेल चोळा. रंगाचं काम हातमोजे घालून करा. आणि पुढच्या आठवड्यात परत या. असं पाठवलं तर राज्यवाले 'अस्पष्ट' असा शेरा मारून परत धाडतील."

ती परत आली. तेव्हाही ठसे फिकेच उमटले. त्याला मात्र त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याने तिची बोटं पुसली, एकेक करून, मऊ कापडाने, नखाच्या कोपऱ्यातली शाईसुद्धा सोडली नाही. दुसऱ्या कुणाची बोटं तो पुसून द्यायचा नाही. बाकीच्यांना कापड दाखवून मोकळा व्हायचा, हे तिने रांगेत उभं असताना पाहून ठेवलं होतं.

"हातमोजे घातलेत?"

"घातले."

"तेल?"

"लावलं. बाटली संपली."

"मग निष्काळजीपणा माझाच असणार," तो गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा यावं लागेल."

त्याच दिवशी ठाण्याचा दाखला तयार झाला होता. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. "कसलीही नोंद नाही! मला माहीतच होतं. माणूस बघितलं की कळतं आम्हाला." आणि मग मान खाजवत, "समोर कॉफी बरी मिळते. या आनंदात...?"

ती गेली. जायला नको होतं. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, काचेवर थेंब ओघळत होते, तो साखर ढवळत राहिला आणि ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. एवढी छान संध्याकाळ तिला कित्येक दिवसांत लाभली नव्हती, आणि ती आपण खोटं बोलून मिळवलीय असं सारखं वाटत होतं. सांगून टाकावं. आत्ता.

"मला तुम्हाला एक सांगायचंय –"

"मलाही!" तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... आई काल विचारत होती, तू हल्ली रोज गुळगुळीत दाढी करून कुणासाठी जातोस? आधी मी आठवड्यातून दोनदा करायचो..." तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही," ती म्हणाली. "कॉफी छान आहे."

तिसऱ्या खेपेला ठसे उमटले. दहाच्या दहा, स्वच्छ. दोघांनीही त्या कार्डाकडे जरा नाराजीनेच पाहिलं. उत्तर कुठे येतं, तिने विचारलं.

"घरी किंवा इथं. तुमच्या टपालपेटीला कुलूप नाही म्हणालात ना? मी ठाण्याचाच पत्ता लिहिलाय. आलं की उघडून, आवक शिक्का मारून ठेवतो. तुम्ही फक्त यायचं."

नको, घरीच पाठवा, असं म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर तो "का?" विचारणार, आणि मग सगळंच सांगावं लागणार. ती "बरं" म्हणाली आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत घरी गेली.

उत्तर यायच्या आधी आपणच सांगायचं, असं तिने रोज ठरवलं. रोज दुकान बंद करताना ठरवायची आणि रोज सकाळी कुलूप उघडताना तिचं धैर्य गळायचं. शेवटी एका दुपारी ती निघालीच. मनात वाक्यं जुळवत, ओठ हलवत ठाण्याच्या मागच्या खोलीत शिरली... आणि तो मान वर करून तिच्याकडे पाहू लागला तेव्हाच तिला कळलं. पाकीट टेबलावर होतं. उघडलेलं.

"आलंय," तो म्हणाला. एवढंच.

तिने कागद घेतला. धारदार हत्याराने दुखापत. आरोपी दोषी. दंड. बस, एवढंच. त्यात ताई नव्हती, मशीनने काढलेला रस्ता नव्हता, रुमाल नव्हता. तो कागद वाचणाऱ्याला अंधारात सुरा घेऊन उभी असलेली कुणी बाईच दिसली असती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"तुम्ही म्हणाला होतात –"

"म्हणाले होते." कागद टेबलावर ठेवून ती जवळजवळ पळतच बाहेर पडली.

मग तो आला नाही, ती गेली नाही. काकींचा निरोप आला, "कधी येतेस गं? आरशात बघवत नाही." तिने निरोपाला उत्तर दिलं नाही. गिऱ्हाइकांशी बोलणं बंद केलं. कुणी डोकं पुढे केलं की तिला वाटायचं, याला ठाऊक असतं तर याने केलं असतं का?

आणि एका टळटळीत दुपारी, दुकानात कुणी नसताना, दार ढकलून ठसेवाला आत आला. हातात ते पाकीट. गालांवर वाढलेली दाढी.

"हे विसरला होतात."

"टाकून द्या."

"सरकारी कागद आहे, टाकता येत नाही." तो हसला नाही. "काय झालं होतं?"

तिने सांगितलं. आरशाकडे पाठ करून, फरशीकडे बघत, सगळं. मशीनचा रस्ता आला तेव्हा त्याच्या घशातून हसू निसटलंच. तिने मान वर केली आणि तो गप्प झाला. रुमालापर्यंत आली तेव्हा तिचा आवाज चिरकला. "त्या बाईंना मी अजून विसरले नाही. आणि तुम्ही विचारलंत, तेव्हा मी हसले. तुमच्या तोंडावर खोटं बोलले. मला इतकी लाज वाटते ना... तुमच्यासमोर उभं राहायचीसुद्धा."

त्याने पाकिटाची कड दुमडली.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "टपालपेटीचं निमित्त होतं. पत्ता ठाण्याचा लिहिला, तो तुम्ही आणखी एकदा यावं म्हणून. तुमचं तुम्ही सांगायचं होतं, ते मी असं उघडून वाचलं. आणि दुसऱ्या खेपेचे ठसे... चालण्यासारखे होते."

"काय?"

"अगदीच वाईट नव्हते."

तिला हसू आलं आणि रडूही. मग त्याने अंगातलं जाकीट काढलं, खुंटीला अडकवलं आणि सरळ जाऊन तिच्या खुर्चीत बसला.

"दाढी करायचीय."

"अहो, तो कागद वाचलात ना तुम्ही? वस्तरा आहे हा!"

"वाचला. शिक्कासुद्धा मीच मारला." त्याने डोकं मागे टेकलं, गळा उघडा टाकला आणि डोळे मिटले.

तिने फेस केला. ब्रश फिरवला. वस्तरा उचलला आणि तिची बोटं अशी थरथरू लागली, की काकींची बरी.

"हात ढिला सोड," तो डोळे न उघडता म्हणाला.

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिने खोल श्वास घेतला आणि गालावरून पहिला पट्टा अलगद ओढला. दुसरा. हनुवटी. गळा, जिथे त्याची नाडी उडताना दिसत होती, कदाचित जरा जास्तच जोरात. कानापाशी ती थांबली.

"का थांबलीस?"

"इथंच लागलं होतं त्याला."

"मग इथं सावकाश."

तिने डाव्या हाताने त्याचा कान हलकेच दुमडून धरला आणि सावकाश, फार सावकाश, तेवढी जागा स्वच्छ केली. कोमट रुमालाने चेहरा पुसला. एक ओरखडा नव्हता. त्याने आरशात पाहिलं – स्वतःकडे नाही, तिच्याकडे.

"नोंद असली म्हणजे आश्रमाचं दार बंद, असं नसतं," तो म्हणाला. "काय झालं ते सोबत लिहून द्यायचं असतं, आणि तिथल्या व्यवस्थापकबाईंना तोंडानं सांगायचं. मला सांगितलंस तसंच. मी दाराशी उभा राहीन."

"आत नाही येणार?"

"बोलवलंस तर येईन."

ती वस्तरा धुवायला वळली, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते. पण आरसे दुकानात तिन्ही बाजूंना होते.

"उद्या येऊ?" त्याने मागून विचारलं.

"दाढी एका दिवसात एवढी वाढत नाही."

"वाढेल," तो म्हणाला. "तू दुकान उघड फक्त."