अंबूताईचा जबाब

"बेड सुधी... नको!" अंबूताई कानडी-मराठीत एकदमच किंचाळली, आणि भावाने उगारलेला दुकानातला लोखंडी गज इर्शादच्या डोक्यावर उतरण्याआधीच ती मध्ये शिरली... घाव तिच्या मनगटावर बसला!

केशवापूरच्या त्यांच्या घरात गज खणकन फरशीवर पडला. गोकुळ रोडवर वर्कशॉप चालवणाऱ्या इर्शादशी कालच रजिस्टर लग्न करून आज आशीर्वादासाठी आलेली धाकटी बहीण दीपश्री "अक्का!" म्हणून धावली. समाजाचे पुढारी पुंडलिककाका मात्र सोफ्यावरून उठलेही नाहीत. सकाळपासून तेच तर सुधींद्रला चेतवत होते, "घराण्याची अब्रू राख, नाहीतर समाजात तोंड दाखवू नकोस!"

आईवडील गेल्यावर स्वतःच्या लग्नाचा विचार कायमचा दूर सारून अंबूताईने या दोन्ही भावंडांना वाढवलं होतं, दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान एकटीने सांभाळलं होतं. आज त्याच भावाच्या हातून हा घाव... हाडापेक्षा तिचं काळीजच अधिक ठणकत होतं!

इर्शादनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. तिथे प्लास्टर झालं आणि जबाब घ्यायला पोलीस आले. पुंडलिककाका तिच्या कानाशी वाकले. "अंबू, त्या पोरानं मारलं म्हण. सुधी सुटेल, पोरगी परत येईल."

भिंतीशी सुधींद्र मान खाली घालून उभा होता. त्याला पाहताच तिच्या अंतःकरणात माया उसळली... एक खोटा शब्द, आणि तिचा सुधी वाचणार होता!

"काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "ज्यानं मला उचलून इथं आणलं, त्याच्यावर आळ घेऊ? असली अब्रू मला नको!" मग ती भावाकडे वळली. "सुधी, मी खोटं बोलणार नाही. पण माझ्या तोंडून तुझं नाव यायच्या आधी तू स्वतःच सांगशील. मी वाढवलंय रे तुला!"

सुधींद्रचा बांध फुटला. "साहेब, मी मारलं! त्यालाच मारणार होतो... अक्का मध्ये आली." आणि तो तिच्या पायांवर कोसळला. "अक्का, तुझं सगळं आयुष्य घेतलं गं आम्ही... आणि वर हे!"

तिने चांगल्या हाताने त्याचे डोळे पुसले. "जा. जे होईल ते भोगून ये."

पोलिसांबरोबर निघताना तो इर्शादसमोर थांबला. "अक्काला एकटं ठेवू नका," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही येईपर्यंत आम्ही दोघं अक्कांच्या घरीच राहू, अण्णा," इर्शाद म्हणाला.

पुंडलिककाका पाठ फिरवून चालू लागले. अंबूताईने त्यांना थांबवलं नाही... एका बाजूला दीपश्री, दुसऱ्या बाजूला इर्शाद, अशी ती ताठ मानेने घराकडे निघाली!