दोनदा टक् म्हणजे झालं

टक्.

स्वयंपाकघरात इतकी शांतता होती की टिली दचकली. "कोण आलं?"

"कोणी नाही गं. बरणीचं झाकण बसलं."

सफरचंदाचा मुरंबा भरून बरण्या ओट्यावर गार व्हायला ठेवल्या होत्या. गार होताना आतली हवा आकसते, झाकण खाली ओढलं जातं आणि टक् वाजतं. बरणी पक्की बंद झाल्याची ती खूण. मग आतलं बाहेर येत नाही की बाहेरचं आत जात नाही.

शांतता पसरली होती ती कोल्बीच्या फोनमुळे. कोल्बी माझा नवरा, विजेच्या तारा ओढतो. खांब जिथे उभे राहतील तिथे त्याचा मुक्काम. आता मे महिन्यापासून मोंटानाच्या डोंगरात नवी लाइन टाकायची होती, दोन वर्षांचं काम. टिलीने नेहमीसारखा फोनचा पापा घेतला, "गुड नाइट, डॅडी" म्हणाली आणि फोन चार्जरला लावून आली. डॅडी म्हणजे रात्री चार्जरला लावायची वस्तू, अशी माझ्या पाच वर्षांच्या लेकीची समजूत होत चालली होती.

त्याच्या टोळीतले बरेच जण बायकापोरांना ट्रेलरमध्ये घालून बरोबर नेतात. त्या संध्याकाळी मी ठरवलं. मेच्या आत आपलंही चाकांवरचं घर तयार झालं पाहिजे. नाही झालं, तर टिलीचा डॅडी आणखी दोन वर्षं फोनमध्येच राहणार.

ट्रेलर मिळाला माउंडरिजच्या पलीकडे, श्रॅग आजींच्या शेडमध्ये. जुन्या घडणीचा, गोल पाठीचा, सगळा ॲल्युमिनियमचा. आजींचे यजमान वारल्यापासून तो तिथेच धूळ खात उभा होता. एखादा अवाढव्य पाव भट्टीतून काढायचा राहून गेलाय असं वाटलं मला. कोल्बीने बाहीने एक जागा खसाखसा पुसली तर राखाडी थराखालून आरशासारखे त्याचेच हसरे दात चमकले.

तो दाराच्या मुठीला हात घालणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "आधी टकटक कर."

"का? आत कोणी आहे की काय?"

"कोणाच्या घरात शिरताना तू टकटक करत नाहीस? आईने वळण लावलेलं दिसत नाही."

कोल्बीने शाळकरी मुलासारखी टकटक केली. मी हसू दाबलं. आजी हसल्या नाहीत. "आमचे हे करायचे," त्या म्हणाल्या. "मग मलाही सवय लागली."

आत उंदरांची घरटी होती, मागची जमीन कुजलेली होती, आणि तरी मी पाहताक्षणी त्या घराच्या प्रेमात पडले. बर्चच्या लाकडाची कपाटं मधासारखी पिवळी होती. फक्त मागे, पलंगाच्या उशाशी, आतल्या भिंतीचा एक पत्राच नव्हता. तिथे निळ्या फुलांचा जाड पडदा टांगला होता. पडदा सारला तर सांगाड्याच्या बरगड्या आणि बाहेरच्या पत्र्याची उघडी पाठ.

"हा पत्रा कुठे गेला?"

"बसवलाच नाही कधी. तेवढं मोकळं असू दे, म्हणायचे हे."

"हिवाळ्यातसुद्धा?"

"पडदा जाड आहे," आजी म्हणाल्या, आणि निघताना आमच्या हातात झ्वीबाकची पिशवी दिली. एकाच्या डोक्यावर एक बसवलेले लोण्याचे छोटे पाव. टिलीने गाडीत सगळ्यांची डोकी आधी खाल्ली.

ट्रेलर ओढून घरी आणला आणि कामाला लागलो. जुनी जमीन उखडली, नवी टाकली. पाठीमागचा गारांनी फाटलेला मोठा पत्रा काढला आणि नवा कापला. हा पत्रा पक्क्या रिव्हेटांनी, म्हणजे टोपीच्या जाड खिळ्यांनी, बसवायचा असतो, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नाही. बाहेरचा हवेच्या बंदुकीने रिव्हेट ठोकतो, आतला तिच्या आरपार आलेल्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो, तेव्हा कुठे शेपटी चपटी होऊन पत्रा धरला जातो. दोघांच्या मध्ये पत्रा, कानांवर आवाज अडवणारी झाकणं. बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला ठोकळ्याने पत्र्यावर खूण देतो. एकदा टक्, अजून मार. दोनदा टक् म्हणजे झालं, पुढे चल. तीनदा वाजलं तर समजायचं की बिघडलं, काढून टाक.

ही भाषा मला कोल्बीने शिकवली नाही. आमच्या विचिटात घराआड एक माणूस विमानाच्या कारखान्यात असतो. आमच्या घरात बाबा होते. लहानपणी मी जेवणाच्या टेबलावर दोनदा टक् केलं की आई ताट उचलायची.

चार ओळी मारून झाल्या आणि ओक्लाहोमात बर्फाच्या पावसाने खांब आडवे झाले. कोल्बीला तातडीचं बोलावणं आलं.

"पत्रा अर्धाच राहिला," मी म्हणाले.

"तुझ्या बाबांना बोलाव ना. माझ्यापेक्षा बरे आहेत."

"ते तर तू लग्नातच मान्य केलं होतंस."

"लग्नात मी बरंच काही मान्य केलं होतं," असं म्हणत त्याने माझ्या काळ्या झालेल्या नाकाचा पापा घेतला आणि गेला.

शनिवारी सकाळी बाबांचा फोन आला. "निघालोच आहे पोरी, तू सुरू कर." बाबा गाडी नेहमी मागच्या गल्लीत लावतात आणि परसातून येतात. मी कॉम्प्रेसर चालू केला, कानांवर झाकणं चढवली. खिडक्यांवर पॉलिशसाठी कागद चिकटवलेले, आतलं काही दिसत नव्हतं. टिली समोर झोपाळ्यावर. बंदूक उचलली आणि तळहाताखाली पत्रा थरथरला. टक्-टक्. बाबा तयार होते.

काय लागला हात त्या दिवशी! ठोकावं, एकदा टक्, पुन्हा ठोकावं, टक्-टक्. मी थांबायच्या आत पलीकडचा पुढच्या रिव्हेटवर हजर. एक तिरकी गेली तर टक्-टक्-टक्. "दिसलं हो, दिसलं," मी ओरडले, ड्रिलने ती काढली आणि नवी ठोकली. टक्-टक्. मला गाणं सुचत होतं. टिली झोके घेत होती, उन्हात पत्रा तापत होता, आणि मोंटाना दर ओळीगणिक जवळ येत होतं.

शेवटची रिव्हेट बसली. मी कॉम्प्रेसर बंद केला. "बाबा, या आता बाहेर, कॉफी करते!"

बाबा परसाच्या फाटकातून आत आले. हातात डोनटचा खोका होता. "रागावू नकोस पोरी, दुकानात ही गर्दी." जॅकेटचा खिसा एका बाजूला लोंबत होता. त्यांनी आतून आपला लोखंडी ठोकळा काढून पायरीवर ठेवला. "चल, कुठून सुरुवात करायची?"

मी ट्रेलरपाशी गेले. दारावर टकटक केली. का केली, कोण जाणे. मग आम्ही दोघं आत गेलो.

आत कोणी नव्हतं. बाबांनी निळा पडदा सारला आणि रिव्हेटांच्या शेपट्यांवरून अंगठा फिरवत गेले. सगळ्या सारख्या, गोल आणि चपट्या.

"हे कोणी धरलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

ते हसले. मग माझं तोंड पाहून हसायचे थांबले. आमच्या घरचा ठोकळा हत्यारांच्या खोक्यात, कोल्बीने गुंडाळलेल्या फडक्यात तसाच होता. लोखंड मागे नसेल तर रिव्हेट नुसती वाकते, आणि हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

 बाबा घसा साफ करून भिंतीला म्हणाले, "बरं. आभारी आहोत."

"बाबा!"

"काय बाबा? मेमध्ये जायचंय ना तुला? मग फुकटच्या मदतनिसाला नावगाव विचारू नये."

टिलीने अर्धा डोनट बरगड्यांच्या मधल्या खाचेत ठेवला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी खाल्ला, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यानेही मला धीर आला.

एप्रिल कसा गेला कळलं नाही. नळीने पाणी मारून गळती शोधायची, ठिगळ लावायचं, ठोकायचं. कधी बाबा असायचे, कधी नसायचे. पलीकडचा हात मात्र कायम असायचा. मला भीती वाटायला हवी होती, पण त्या टकटकीत भीतीला जागाच नव्हती. तिच्यात घाई नव्हती, रुसवा नव्हता. टिली आत जाताना टकटक करायची, "मी आहे" म्हणायची आणि पडद्यापाशी बसून चित्रं रंगवायची.

कोल्बी परत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मी पाठ फिरवली आणि तू घरात दुसरा पुरुष ठेवलास."

"कामाला तुझ्याहून चोख आहे."

"आणि खातो तुझ्या बाबांहून कमी," तो म्हणाला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून पॉलिश केलं. ॲल्युमिनियम घासलं की काळा राप निघतो. आमचे चेहरे, टिलीच्या वेण्या, बाबांचे कान, सगळं काळं झालं. आणि त्या काळ्याखालून आभाळ निघालं. आमच्या घराच्या भिंतीवर ढग चालू लागले.

राहिला होता उशाचा तो मोकळा चौकोन. टिलीचा पलंग तिथेच येणार होता, आणि मोंटानाची थंडी काही पडद्याला विचारून थांबणार नव्हती. कोल्बीने आत लोकर भरली, नवा पत्रा लावला. आतल्या पत्र्याच्या रिव्हेटा एकाच बाजूने बसतात, पलीकडे कोणी लागत नाही. शेवटची मी बसवली. कोपऱ्यांवर डिंकासारखा चिकट लेप दिला, अंगठ्याने सारखा केला. हवासुद्धा शिरणार नाही, इतकी पक्की भिंत.

निघताना श्रॅग आजींकडे थांबलो. आपलं प्रतिबिंब त्या चकचकीत पोटात पाहून त्यांनी पदराने पुसावेत तसे ॲप्रनने डोळे पुसले. "लग्नाच्या वर्षी असा होता," म्हणाल्या. दारावर टकटक करून आत गेल्या. कपाटांवरून हात फिरवला. मग उशाशी थबकल्या.

"पडदा कुठाय?"

"आता लागत नाही, आजी. भिंत बंद केली. हा घ्या, धुऊन आणलाय तुमच्यासाठी."

त्यांनी पडद्याची घडी छातीशी धरली. नव्या पत्र्याकडे पाहत राहिल्या.

"छोटी इथे झोपणार?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. झ्वीबाकची पिशवी द्यायला त्या विसरल्या. टिलीला आठवण करून द्यावी लागली.

मोंटानाच्या वाटेवर, वायोमिंगमधली ती पहिली सकाळ. बाहेर कोवळं ऊन, गवतावर दव. कोल्बी बेसूर गात तव्यावर पॅनकेक उलटत होता. मी मुरंब्याची बरणी उघडली. झाकणाने सुस्कारा सोडला.

टिली अंथरुणात बसून त्याच्याकडेच बघत होती. "डॅडी काल पण होता," ती मला म्हणाली, "आणि आज पण आहे."

"उद्या पण असणार," कोल्बी म्हणाला.

 हेच हवं होतं मला. एवढंच.

टक्-टक्-टक्.

कोल्बीचं गाणं थांबलं. तव्यावर चरचर चालू होती.

"बाहेर फांदी असेल," तो म्हणाला.

बाहेर झाड नव्हतं.

टक्-टक्-टक्. टिलीच्या उशीमागून, पत्र्याच्या आतून. आवाज हळू होता आणि लोकरीतून आल्यासारखा दबलेला. त्यात आता घाई होती.

टिलीने पत्र्याला कान लावला. "तीन म्हणजे काढून टाक," ती म्हणाली.

मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आई, आपण भिंत बंद केली तेव्हा तो आत होता का?"