काट्यावरून उतरलेली

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. त्या दुपारी बायकांना बारीक करणाऱ्या दुकानातून बोलावणं आलं. वर कोणी उभं नसताना त्यांचा काटा शून्यावर येत नव्हता.

आत भिंतभर आरसे. बायका अनवाणी, पोटं आत ओढून रांगेत उभ्या. मालकीण एकीवर तुटून पडली होती. "मांडीला मांडी घासतेय अजून. लाज वाटते का जरा?"

मी काटा खोलला. स्प्रिंग धड, पट्टी धड. तरी सुई लहान पोराच्या वजनावर अडलेली. वरून हात फिरवला तर गार... आणि उपाशी तोंडाचा आंबूस वास. तो मला ठाऊक. घरी नात महिनाभर भरल्या ताटावरून उठतेय. म्हणे, "मी जाडी आहे, आजोबा." हाडं मोजून घ्या तिची.

"या काट्यावर कोण मेलं?"

मालकिणीचा रंग उडाला. "हळू बोला... एक चक्कर येऊन पडली. अजून थोडंच कमी करायचं होतं तिला."

सुई आणखी खाली सरकली. माझं टाळकं फिरलं. रिकाम्या काट्यावर खेकसलो, "उतर गं बये! या कैदाशिणीचं काय ऐकतेस? चल माझ्या घरी, पोटभर जेव!"

सुई झटकन शून्यावर गेली.

त्या संध्याकाळी नातीचं ताट चाटूनपुसून लख्ख. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज असंच चाललं. पण पोरीचा झगा खांद्यावरून घसरायला लागला.

काल मी तिच्यासमोरच बसलो. तिचे हात मांडीवर, ओठ मिटलेले. चावल्याचा आवाज मात्र येत होता... ताटातला भात एका कडेने सरत होता.

पोरीने माझं मनगट धरलं. बोटं गार.

"गप्प बसा ना, आजोबा... ती जेवते, आई खूश. मी बारीक होते, मी खूश."

"हाकलून देतो तिला!"

"हळू... ऐकतेय ती."

तेवढ्यात सून पातेलं घेऊन आली. मी ताटावर हात आडवा धरला. "वाढू नकोस!"

"काय हे मामंजी? पोरीच्या तोंडचा घास काढता?" तिने माझा हात बाजूला सारला. "वाढू का गं अजून?"

"हो..."

नातीचे ओठ मिटलेलेच होते.