कर्याच्या नावची तार

लोंढ्याच्या स्टेशनात तारघराच्या खिडकीशी जया येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या लुगड्याच्या काठातून पाणी निथळत होतं. आत एक तरुण तारेची खटखट ऐकत बसला होता. त्यानं मान वर केली... आणि खाली घालायची विसरला.

"बेळगावची गाडी कवा सुटणार?"

"आज न्हाय. खानापूरच्या अलीकडं पावसानं रुळाखालची माती धुऊन नेलीया. उद्या दुपारी सुटली तर सुटली."

जयानं खिडकीचा गज घट्ट धरला. तिचा चेहरा पाहून त्यानं हळूच विचारलं, "घरी कोण आजारी हाय काय?"

"घरी कुणीच न्हाय," ती म्हणाली. "म्हणून तर."

मालूआत्याच्या नातवाच्या बारशाला आत्याबरोबर ती काल लोंढ्याला आली होती. तिचे वडील आप्पा लुगडी विकायला निपाणीच्या बाजाराला गेलेले. शेजारचा भरमूही बिऱ्हाड घेऊन सासुरवाडीला. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हणून वडगावच्या घरात तिनं कर्याला एकटंच ठेवलं होतं. मोकळा सोडला तर तो हातमागावरचं सूत कुरतडायचा; तेव्हा मागाच्या खोलीत खांबाला आखूड दोरीनं बांधला, पुढ्यात भाकरी-पाणी ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. निघताना तो भुंकलासुद्धा नव्हता. नुसता बघत राहिला होता. आणि रात्रीपासून हा पाऊस... ओढा चढला की पाणी आधी मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात शिरायचं, मग सगळ्या खोलीत.

"तार करा," ती म्हणाली.

"कुणाच्या नावानं?"

"कर्याच्या." बोलून गेली आणि तिची तीच शरमली. "कुत्रं हाय आमचं."

"वाचता येतं त्याला?"

"चेष्टा नका करू हो. वडगावला ओढ्याकाठच्या घरात कुलपात हाय त्यो, गळ्यात दोरी... आणि पाणी चढत असणार."

त्याच्या ओठांवरचं हसू तिथंच विरलं. तेवढ्यात मागून मालूआत्या धापा टाकत आली. तिनं त्याला निरखून पाहिलं. "कुणाचा रं तू? तोंडावळा वळखीचा वाटतोय."

"वडगावच्या नागोजी विणकराचा. सुबराव."

"म्हंजे बायाक्काचा ल्योक. माग सोडून रेल्वेत गेला, त्यो तूच व्हय?"

"मीच." मग तो जयाकडं वळला. "आई घरात हाय. बेळगाव स्टेशनातला रेल्वेचा खलाशी मष्णू माझा दोस्त. तिथल्या तारबाबूनं त्याला कळवलं तर तो आईला सांगंल. पण कुलूप फोडावं लागंल."

"फोडू द्या."

त्यानं एकदा मागच्या दाराकडं पाहिलं. लढाईचे दिवस होते; रेल्वेच्या तारेवर घरगुती निरोप धाडायला सक्त मनाई होती. तरी त्याची बोटं तारयंत्राच्या कळीवर गेली. खट्... कट्ट... खट् खट्. त्यातलं जयाला एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक ठोका ती कान देऊन ऐकत होती.

बऱ्याच वेळानं उलट खटखट आली. सुबराव ऐकत गेला तशी त्याची चर्या गंभीर झाली.

"मष्णू निघालाय. पण ओढा रस्त्यावर आलाय, तिथला तारबाबू म्हणतो..."

पुढचं अर्धंच राहिलं. कुठंतरी तार तुटली होती. तो कळ दाबत राहिला, जया त्याच्या बोटांकडं पाहत राहिली. दोघांच्या मागं स्टेशनमास्तर कधी येऊन उभे राहिले, ते कुणालाच कळलं नाही. मास्तर आरडले-ओरडले नाहीत. "परवा वरचे साहेब येणार आहेत. जबाब तयार ठेवा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुटली. पाळी बदलून सुबरावही तिच्यात चढला आणि समोरच्या बाकावर बसला. आत्याचा डोळा लागला.

"काल जेवलासा न्हाय तुमी," तो म्हणाला.

"तुमाला काय ठावं?"

"आत्या सांगत हुत्या. मी काय... इचारलं न्हाय." त्याचे कान लाल झाले. जया खिडकीबाहेर वळली. अशाही जिवाच्या घालमेलीत आपल्याला हसू येतंय, याचा तिला राग आला.

आत्याला मागं टाकून दोघं वडगावात पोचली. घरासमोर गुडघाभर चिखल होता. कुलूप फुटून कडीला लोंबत होतं. आत मागाचा खड्डा काठोकाठ भरलेला, अर्धं विणलेलं लुगडं गढूळ पाण्यात. जयानं तिकडं पाहिलंही नाही. खांबाला दोरीचा कापलेला तुकडा तेवढा होता.

"कर्या..." तिनं दोरीचं कापलेलं टोक हातात घेतलं.

"आमच्या घरी बघू," सुबराव म्हणाला, पण तोही घाबरला होता. मधल्या गल्ल्या दोघं जवळजवळ पळतच गेली.

बायाक्काच्या पडवीत, चुलीच्या उबेला, घोंगड्यावर कर्या पडला होता. जयाची चाहूल लागताच उठला, लंगडत आला आणि तिच्या पायांत शिरला. तिनं चिखलातच बसकण मारली, त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि कालपासून अडवून धरलेलं रडं मोकळं केलं.

"नाकाशी पाणी आलं हुतं, पोरी," बायाक्का म्हणाली. तिच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "दोरी कापाय गेले तर भेदरून चावला. मग घरापतोर चाटत आला."

सांज व्हायच्या आत सुबरावला परत निघायचं होतं. जया गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. कर्या तिला सोडेना, म्हणून तोही.

"माझ्यापायी तुमची नोकरी..."

"कुत्र्यापायी," तो म्हणाला. चार पावलं गेला, थांबला. "खोटं बोललो. कुत्रं मी कुठं बघितलं हुतं? तुमालाच बघितलं हुतं."

जया कर्याचा कान कुरवाळत राहिली.

"आप्पा निपाणीवरनं आले की तुमच्या आईच्या हाताची चौकशी करायला येतील," ती म्हणाली. "मीच आणणार हाय त्यास्नी. त्यांच्यापाशी आपल्या दोघांबद्दल काय बोलायचं, ते आईला सांगून ठेवलासा तर..."

"आता सांगाय गेलो तर गाडी चुकंल."

"चुकू द्या."

तो क्षणभर स्टेशनच्या वाटेकडं पाहत उभा राहिला. मग माघारी घराकडं वळला, चिखलानं भरलेल्या चपला दारात काढल्या आणि आत शिरता शिरता त्यानं आईला हाक मारली.