सातव्या पानावरचं वाक्य

"मी रडले नव्हते."

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने कागद टेबलावर ठेवला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट टेकवलं. "इथे कंसात लिहिलंय, साक्षीदार रडते. खोडा हे."

टेबलापलीकडच्या लेखनिकाने मान वर केली. आदल्या दिवशीच्या अख्ख्या सुनावणीत त्याने ती एकदाही वर केली नव्हती. समितीपुढे जो कोणी बोलेल त्याचा शब्द न् शब्द टिपायचा, हे त्याचं काम. अकरा वर्षं तो तेच करत होता, आणि या खोलीत त्याचा स्वतःचा आवाज कुणी ऐकल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं.

"जे ऐकू येतं तेवढंच मी लिहितो," तो म्हणाला.

"मग काय ऐकू आलं?"

तो घुटमळला. "नाक... ओढल्याचं."

"सर्दी झालीय मला!" आणि पुरावा द्यावा तशी तिला तिथेच शिंक आली.

त्याने गंभीर चेहऱ्याने कंसातले शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, साक्षीदाराला सर्दी.

"आता हे कशाला?"

"नाकाचा काहीतरी हिशेब लागायला नको?" तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला. तेवढ्याने तिचा राग निम्मा उतरला. खरं सांगायचं तर ती रडलीच होती. सर्दी आजची होती.

दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसांत लग्न करता यावं की नाही, हे ठरवायला ती समिती बसली होती. पाच सभासद आणि वर एक अध्यक्षबाई. नियम असा, की साक्ष दिलेल्याने दुसऱ्या दिवशी येऊन आपलं बोलणं वाचायचं आणि पानापानावर सही करायची. तिची बारा पानं झाली होती. त्या बारा पानांत तिच्या दोन आया होत्या. जन्म आईने दिला होता. वेण्या घालणं, पाढे घेणं, तापात उशाशी बसणं हे सगळं माईचं. चार वर्षांपूर्वी माईच्या हृदयाचं ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर आईला विचारलं होतं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" सव्वीस वर्षं एका घरात राहिलेली आई म्हणाली, "मैत्रीण."

"नातेवाईक बोलवा."

मुलीचं वय तेव्हा एकोणीस. तीही पुढे झाली. पण कागदावर तीसुद्धा माईची कुणीच नव्हती. शेवटी वीस वर्षांत जो घराची पायरी चढला नव्हता, तो माईचा भाऊ येऊन सही करून गेला. आई दोन दिवस बाहेर बाकावर बसून होती.

मुलगी एकेक पान वाचत सह्या करत गेली आणि सातव्या पानावर थांबली. आईला बाहेरच्या बाकावर बसवलं, हे तिचंच वाक्य होतं. पण त्याच्यापुढे लिहिलं होतं, "बूट त्यांच्या मांडीवर होते. ते कुठे ठेवायचे हे कुणी सांगितलं नाही."

तिने ते दोनदा वाचलं.

"हे मी बोलले नाही," ती हळूच म्हणाली. "माई त्या दिवशी सपाता घालून गेली होती. हे बूट कुणाचे?"

त्याने पान घ्यायला हात पुढे केला. "चूक झाली. खोडतो मी."

"अकरा वर्षांत अशा किती चुका झाल्या?"

"ही... पहिलीच."

तिने पान सोडलं नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. कुणीतरी अचानक घरातलं दार उघडावं तसा तो दिसत होता.

"तुमचा चष्मा वाकडा आहे," सातवं पान सही न करताच पिशवीत घालत ती म्हणाली. "दुकान सातपर्यंत उघडं असतं. या, सरळ करून देते."

येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो साडेसहाला आला.

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि चष्मा काढून घेतला. तिच्या धंद्यात तिला एक गोष्ट कळून चुकली होती. चष्मा काढला की माणसाला समोरच्याचा चेहरा धड दिसत नाही, आणि मग तो बोलायला धजतो. नंबर काढता काढता तिने लोकांच्या सासवा, नोकऱ्या, जुनी प्रेमं, सगळं ऐकलं होतं. ती बारीक स्क्रू फिरवत राहिली. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि काचेवरून थेंब सावकाश उतरत होते.

"माझ्या घरात बाबा आणि काका," तो म्हणाला. "काका म्हणजे... बाबांचा भाऊ नाही."

"कळलं."

"बाबांनी मला दत्तक घेतलं. एकट्याने. दोघांना घेता येत नव्हतं ना. कागदावर काका आमचे भाडेकरू. सायकल त्यांनी शिकवली, टाय बांधायला त्यांनी शिकवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांना दवाखान्यात नेलं. बाबांना आत सोडलं नाही. संध्याकाळी एक माणूस बाहेर आला आणि काकांचे बूट बाबांच्या मांडीवर ठेवून गेला. तेवढ्यावरून आम्हाला कळलं." त्याने रिकाम्या नाकावर बोट फिरवलं, जणू चष्मा वर सरकवतोय. "ते बूट अजून दाराशी आहेत. बाबा दर रविवारी त्यांना पॉलिश करतात."

तिने चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. तिची बोटं त्याच्या कानांमागे जरा जास्तच वेळ राहिली. चेहरा स्पष्ट दिसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिच्या डोळ्यांतलं पाणी सर्दीचं नव्हतं.

त्यानंतर त्याचा चष्मा रोज बिघडू लागला. कधी नाकावरचं पॅड सैल, कधी काडी कुरकुरते. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची तऱ्हा तिला पाठ झाली.

"तुमचे स्क्रू फार शिस्तीचे आहेत हो," ती एकदा म्हणाली. "ऑफिस सुटल्याशिवाय एकही ढिला होत नाही."

"सरकारी नोकरी आहे त्यांची."

"आणि रविवारी?"

"रविवारी... त्यांना करमत नाही."

ती हसली. रात्री घरी गेल्यावर आईने विचारलं, "आज काय बिघडलं होतं गं त्याचं?" आणि माई पलंगावरून म्हणाली, "डोकं. दुसरं काय!" तिघी पोट धरधरून हसल्या. मग माईला धाप लागली आणि हसणं थांबलं. डॉक्टरांनी आणखी एका ऑपरेशनचं सूतोवाच केलं होतं. म्हणजे पुन्हा ती खिडकी, पुन्हा तो प्रश्न.

अशातच एका सुनावणीत विरोधातल्या एका सभासदाने अध्यक्षबाईंना विचारलं, "अशा घरांतली मुलं आहेत कुठे? एक आली. बाकीची का येत नाहीत? लाज वाटत असेल. एका मुलीवरून कायदा होत नाही." लेखनिकाने ते शब्द मान खाली घालून टिपले. मागच्या रांगेतून ती त्याच्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी तिने चष्म्याला हात लावला नाही. "शेवटची सुनावणी नऊ दिवसांवर आलीय," ती म्हणाली. "तुम्ही बोला."

"बोललो तर ते टेबल सुटेल. साक्ष देणाऱ्याला तिथे बसता येत नाही."

"सुटू दे!"

"बाबांचं काय? गल्लीत सगळे म्हणतात, काय प्रेम होतं, सख्खे भाऊ असावेत तसे. त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय. ते कसं काढून घेऊ?" तो थांबला. मग एकदम, जणू हे वाक्यही कुणीतरी दुसऱ्यानेच सांगितलं असावं तसा म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता. दुसरं काहीही मागा."

तिला हे ऐकायचं होतं. किती दिवसांपासून ऐकायचं होतं! आणि नेमकं आजच त्याने ते म्हणावं, याचा तिला मनस्वी संताप आला.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली, आणि डोळे पुसायचे कष्टही तिने घेतले नाहीत. "पण एकोणीस वर्षांची असताना त्या बाकाशेजारी उभी राहून मी ठरवलंय. लग्नाला आधी माझ्या आया, मग मी. त्यांना ज्या दारातून आत सोडत नाहीत, त्या दारातून मी नटूनथटून जाणार नाही. माझ्या आयांचं सगळं तुम्ही लिहून घेतलंत, आणि स्वतःच्या घरातलं मात्र माझ्या तोंडी घातलंत." तिने पिशवीतून सातवं पान काढून त्याच्या हातात दिलं. "यावर मी सही करणार नाही. खोडूही देणार नाही. ज्याचं आहे त्याने सांभाळावं."

तो पान घडी न करता घेऊन गेला. नऊ दिवस त्याचा एकही स्क्रू ढिला झाला नाही. दुकानाचं दार वाजलं की ती वर बघायची, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी असायचं. आपण फार बोललो, असं तिला दिवसातून दहादा वाटायचं. माईची धाप ऐकली की वाटायचं, कमीच बोललो.

शेवटच्या सुनावणीला ती दोघी आयांना घेऊन गेली. लेखनिकाच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई बसल्या होत्या.

"साक्षीदार क्रमांक एकवीस," पुकारा झाला.

तो उठला. इस्त्रीचा शर्ट, सरळ चष्मा, आणि हातांचं काय करायचं हे न कळल्यासारखे लोंबणारे हात. लिहिणाऱ्या बाईंकडे वळून तो म्हणाला, "मी जरा सावकाश बोलतो. सवय नाहीये." मग तो बोलला. भाडेकरू, सायकल, टाय, बूट. "मला लाज वाटत होती म्हणून मी आलो नाही, असं सन्माननीय सभासद म्हणाले. ते मीच लिहून घेतलं. मला काकांची लाज कधीच वाटली नाही. मला भीती वाटत होती. परवा बुटांचं ते पान मी बाबांना वाचून दाखवलं..."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. चामड्याचा कर्र, कर्र असा आवाज आला. एक म्हातारा माणूस पाय ओढत मधल्या वाटेने चालत आला. पायातले तपकिरी बूट त्याला एका मापाने मोठे होते आणि आरशासारखे चकचकीत होते. तो येऊन आईशेजारच्या खुर्चीवर बसला. आईने काही न विचारता त्याच्या हातावर हात ठेवला.

साक्ष संपली. शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच असायचा. अध्यक्षबाईंनी कागदावरून तो वाचला, "या समितीपुढे आलेल्या दुसऱ्या कुणाशी आपलं नातं आहे का?"

त्याने वळून मुलीकडे पाहिलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? व्हायचंय?"

"ते तुमच्या हातात आहे, बाई. साक्षीदार क्रमांक चौदा म्हणतात, आधी त्यांच्या आया."

खोलीत हशा पिकला. विरोधातल्या सभासदालाही हसू आलं आणि मग तो खोकला. मुलीने ओढणीत तोंड लपवलं. माई मोठ्यांदा म्हणाली, "अगं, वर तर बघ!"

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर त्याची पानं वाचायला गेली. कंसांत सगळं होतं, बुटांचा आवाज आणि हशासुद्धा. "रेकॉर्डवर तुमचं उत्तर मात्र नाही," तो म्हणाला.

"मला कुणी विचारलंच कुठे?"

"मी विचारतोय."

"हो," ती म्हणाली. "पण रांगेत. दुसरा नंबर."

"हे लिहू का मी?" लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं.

कायदा व्हायला पुढे दीड वर्ष गेलं. मधे माईचं दुसरं ऑपरेशन झालं, आणि तेव्हाही आई बाहेरच बसली. फक्त या वेळी बाकावर तिच्याजवळ त्याचे बाबा होते. माई घरी परतली. नोंदणीच्या ऑफिसचा जिना ती कठड्याला धरून, तीनदा थांबून चढली. रजिस्टरवर सही करताना आईने पेन उलटंच धरलं, ते माईने तिच्या बोटांत नीट धरून दिलं.

"पुढचे," कारकून म्हणाला.

पुढचे ते दोघे होते. त्याच्या बाजूने साक्षीदार बाबा. कारकुनाने त्यांचं ओळखपत्र घेतलं आणि भराभर लिहू लागला. नाव. वय. मुलाचे वडील.

"वैवाहिक स्थिती... अविवाहित," तो स्वतःशीच पुटपुटला.

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी एकदा पायांतल्या बुटांकडे पाहिलं. "विधुर लिहा."

कारकुनाने ओळखपत्र उलटसुलट केलं. "इथे तसं काही नाही, आजोबा."

"नसेल. तुम्हाला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग लिहा."

कारकुनाने ओळखपत्र बाजूला ठेवलं. मग त्याने पेन उचललं आणि लिहिलं.